बर्फावरच्या चढाईसाठी हलका रोप: ९ मिमीचा एकच घेऊ की ८ ची जोडी?

भिंतीवरची पाल (सांगली)

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागेत राहते. बेसिक आणि ॲडव्हान्स दोन्ही कोर्स उत्तरकाशीला निममध्ये (नेहरू गिर्यारोहण संस्थेत) झालेत. सह्याद्रीत तैलबैला, लिंगाणा आणि बाकी नेहमीची यशस्वी ठिकाणं (म्हणजे जिथून हातपाय शाबूत घेऊन परत आले ती).

येत्या जानेवारीत मी आणि एक मैत्रीण स्पितीत काझाच्या बाजूला गोठलेल्या धबधब्यांवर आठ-दहा दिवस चढाई करणार आहोत. जूनमध्ये आम्ही तिघी देव टिब्बा (६००१ मीटर) बघतोय. रोप मात्र एकदाच घेता येईल. दोन्ही कामांना चालला पाहिजे.

सध्या घरात ९.८ चा ६० मीटर सिंगल (एकटाच वापरायचा) डायनॅमिक, म्हणजे पडल्यावर ताणून झटका झेलणारा रोप आहे. साधा, ड्राय ट्रीटमेंट (पाणी न पिण्यासाठीची) नाही, चार वर्षं वापरलेला. शिवाय ग्रुपचा १०.५ चा स्टॅटिक (न ताणणारा) आहे. तो रॅपलिंगला (रोपवरून उतरायला) आणि फिक्स लावायला, लीडला (सगळ्यात पुढं चढायला) नाही, एवढं कळतं.

आता सल्ले. दुकानदार म्हणाला ८ ची हाफ रोपची जोडी घ्या. ग्रुपमधला एकजण म्हणतो ८.९ चा सिंगल घे, विषय संपव. दुसरा म्हणतो सिंगल घे आणि उतरल्यावर रोप खाली ओढायला सहाची बारीक दोरी ठेव, वजन सगळ्यात कमी. आई म्हणते एवढ्या पैशांत दोन शेळ्या येतील आणि त्या बर्फात पडणार पण नाहीत.

कुणाचं ऐकू?

दांडोबा (मिरज)

आईचं ऐक.

गंमत सोड. ८.९ चा सिंगल, ड्राय, ६० मीटर. जोडी म्हणजे दर पिचला (चढाईच्या टप्प्याला) दोन रोपांचा गुंता आणि दुप्पट खर्च. आम्ही फ्रेंडशिप पीकला (५२८९ मीटर) चौघांत एकच सिंगल नेला होता, काही अडलं नाही.

स्पॅनर १०-११ (सातारा)

दांडोबा, फ्रेंडशिपला रोप म्हणजे गळ्यातली साखळी रे. माणसं एकमेकांना बांधून चालतात, भेग लागली तर उपयोग. तिथं काही अडलं नाही म्हणून खड्या बर्फावर अडणार नाही असं नव्हे. पोरीनं काझा विचारलंय.

पाल, आधी मिमी विसर. माझं पोवई नाक्याजवळ टू-व्हीलरचं गॅरेज आहे, टेबलावर कायम व्हर्नियर पडलेला असतो. एकदा हौस म्हणून ९.८ लिहिलेला रोप तीन ठिकाणी मोजला. ९.६ आला, ९.९ आला आणि जिथं रोज गाठ बसते तिथं १०.३ आला. जरा दाबून धरला की आकडा खाली. रोप म्हणजे पिस्टन नव्हे. कंपन्यासुद्धा वजन टांगून जाडी मोजतात, सिंगलला १० किलो, हाफला ६ किलो. त्यात एकाचा ८.९ दुसऱ्याच्या ९.१ एवढा भरतो. म्हणून डब्यावर ग्रॅम प्रति मीटर किती ते बघायचं. तो आकडा तराजूवर ठेवून खात्री करता येते, मिमीची येत नाही.

आता हिशोब. ९.८ चा साधारण ६२ ते ६४ ग्रॅम, म्हणजे ६० मीटरला पावणेचार किलोच्या आसपास. ८.९ चा ५२ धरला तर ३ किलो १२० ग्रॅम. ८ चा हाफ ४२ धरला तर एक रोप २ किलो ५२० ग्रॅम, जोडी ५ किलो ४०. इथं लोक म्हणतात, बघा, जोडी जड! पण जोडी दोन पाठींवर वाटली जाते. तुझ्या पाठीवर अडीच, मैत्रिणीच्या पाठीवर अडीच. सिंगलचे तीन किलो एकटीच वाहणार, दुसरी रिकामी. आणि तेवढं करून सिंगलवर उतरायला मिळतात फक्त ३० मीटर, कारण रोप दुमडावा लागतो. जोडीवर पूर्ण ६०. काझाकडच्या धबधब्यावरून ३० च्या टप्प्यांनी उतरायचं म्हणजे दुप्पट अँकर (रोप टांगायच्या जागा), दुप्पट वेळ, आणि जानेवारीत तिथं ऊन गेलं की बोटं चालायची थांबतात. चढताना कुठल्याही रोपनं भागतं. दिवस बुडतो तो उतरताना.

हाफ म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण दुकानात 'बारीक रोप' एवढंच सांगतात. टोकाच्या पट्टीवर गोलात १ असेल तर सिंगल, ½ असेल तर हाफ, एकात एक अडकलेले दोन गोल असतील तर ट्विन. सिंगलची चाचणी ८० किलोचं वजन पाडून होते, किमान पाच फॉल झेलले पाहिजेत आणि पहिल्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहिला पाहिजे. हाफची चाचणी एकाच रोपवर ५५ किलो पाडून होते, पाच फॉल, झटका ८ च्या आत. ट्विनमध्ये दोन्ही रोप मिळून ८० किलो, बारा फॉल. आणि हे पाच फॉल म्हणजे आयुष्यात पाच वेळा पडायची परवानगी नव्हे. ते चाचणीचे फॉल फार वाईट असतात, रोप थोडा आणि पडणं मोठं असे. कड्यावर एवढा वाईट फॉल सहसा बसत नाही. उलट कड्यावर धार असते, चाचणीत नसते.

हाफ वापरायचा तर आलटून पालटून अडकवायचा. लाल डावीकडच्या स्क्रूला (बर्फात फिरवून बसवायचा, रोप अडकवायचा आधार), निळा उजवीकडच्या. धबधब्यावर चांगला बर्फ एका रेषेत कधीच मिळत नाही. सिंगल असला की नागमोडी जातो आणि तिसऱ्या स्क्रूनंतर मागून म्हैस ओढतेय असं वाटतं. दोन रोप आपापल्या बाजूनं सरळ जातात. शिवाय खाली बिले देणारीला (डिव्हाइसमधून रोप सोडणारी-धरणारी) ओरडता येतं, "लाल सोड, निळा धर!" म्हणून दोन्ही एकाच रंगाचे घेऊ नकोस, स्वस्त मिळाले तरी.

झटक्याचं असं. बर्फाच्या स्क्रूला प्रमाण म्हणून १० किलोन्यूटन लागतात, तेही चांगल्या बर्फात. कुजक्या बर्फात देवाचं नाव. पडणाऱ्याचा ताण आणि बिले देणाऱ्याचा ताण दोन्ही त्या एका स्क्रूवर येतात. त्यामुळं रोप जेवढा लवचीक तेवढं बरं, आणि एकेरी हाफ सिंगलपेक्षा मऊ झेलतो. पण एकाच पिचवर मधेच दोन्ही रोप एकाच स्क्रूला, मधेच एकेक, असलं करायचं नाही. दोन्ही एकत्र अडकवले की ताठरपणा वाढतो आणि झटकाही वाढतो.

आणि सगळ्यात साधं कारण: तुझ्या दोन्ही हातांत कुऱ्हाडी आणि पायांत क्रॅम्पॉनचे बारा दात. कुठला तरी रोपवर पडणारच. एकाला कापलं तर दुसरा आहे.

दांडोबा (मिरज)

मान्य. पण कमी पैशांत बसणारं उत्तर जास्त लोकांच्या कामाचं असतं काका.

स्पॅनर १०-११ (सातारा)

तेही खरं आहे बाबा.

भिंतीवरची पाल (सांगली)

काका, एवढं लिहिलंत, खरंच आभार. पण शंका आहेत.

एक, सिंगल आणि सहाची ओढदोरी हा पर्याय तुम्ही बाजूला का टाकला? बील ऑपेरा ८.५ चा ४८ ग्रॅम मीटरला आहे आणि त्यावर सिंगल, हाफ, ट्विन तिन्ही शिक्के आहेत. ६० मीटरला २ किलो ८८०. त्यात पेट्झलची रॅड लाइन ६ ची, २२ ग्रॅमची, म्हणजे १ किलो ३२०. एकूण ४ किलो २००. जोडीपेक्षा आठशे ग्रॅम कमी आणि उतरायला पूर्ण ६० मीटर.

दोन, ड्राय ट्रीटमेंटला खूप जास्त पैसे लागतात. जानेवारीत तर सगळं गोठलेलंच असणार, पाणी कुठून येणार?

तीन, देव टिब्ब्याला आम्ही तिघी आहोत. तिथं ही जोडी चालेल?

थंडगार (कराड)

दोनचं उत्तर मी देतो, कारण ते मी भोगलंय.

पाणी कुठून येणार? धबधबा आहे तो ताई. वरून गोठलेला, आतून वाहता. स्क्रू फिरवला की भोकातून पिचकारी येते. दुपारी ऊन लागलं की कडेनं थेंब गळतात, त्याच थेंबांखाली तुमचा रोप पडलेला असतो. तीनला सावली आली की तोच रोप गोठतो. मी स्पितीत साधा ९.८ चा नेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तो वाळल्या उसासारखा झाला. गुंडाळायला गेलो तर कडकड आवाज. खालचा बिले देणारा रोप डिव्हाइसमधून ढकलतोय, जात नाही. मी वर एका हातावर लटकून "सोड, सोड" ओरडतोय. त्याला वाटलं मी त्याला शिव्या देतोय (शेवटी शेवटी देतच होतो).

साधा रोप स्वतःच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांपर्यंत पाणी पितो. म्हणजे पावणेचार किलोचा सव्वापाच होतो. यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेच्या ड्राय शिक्क्याला पाच टक्क्यांच्या आत पाणी चालतं. नुसतं 'ड्राय' लिहिलेलं बघू नका, बऱ्याचदा फक्त वरचं आवरण ट्रीट केलेलं असतं आणि आतला गाभा कोराच असतो. यूआयएए ड्राय लिहिलंय का तेच बघा. आणि वजनाचं सोडा, नायलॉन भिजला की फॉल झेलायची ताकद बरीच खाली येते. बारीक रोपमध्ये आधीच हातचं कमी असतं.

तिघींचं स्पॅनरकाका सांगतील, पण मला विचाराल तर ग्लेशियरवर एकच हाफ पुरे, दुसरा कॅम्पवर ठेवून जा.

स्पॅनर १०-११ (सातारा)

थंडगार बरोबर बोलला, त्यात माझी भर नको.

ओढदोरीचं सांगतो. तुझं गणित चोख आहे, आठशे ग्रॅम वाचतात. पण मी एक रात्र त्या आठशे ग्रॅमपायी काढलीय.

आम्ही दोघं होतो, सिंगल आणि सहाची दोरी. तिसऱ्या टप्प्याला उतरलो आणि दोरी ओढायला लागलो. दोरी दहा-पंधरा मीटर आली आणि थांबली. वर कुठंतरी सिंगलचं शेपूट कपारीत बसलं. दोघांनी ओढलं, झटके दिले, बाजूला सरकून ओढलं. ती बारीक दोरी तळहाताला नुसती कापत होती, पकड नाही. आता विचार कर. जोडी असती तर हातात जो रोप आला त्यावर मी परत लीड करत वर गेलो असतो आणि अडकलेला सोडवला असता. आमच्या हातात होती सहाची दोरी, जिला लवचीकपणाच नाही. ती लीडला नसतेच. तिच्यावर पडलो तर झटका सगळा अँकरला आणि कमरेला. मग काय, हातभर रुंद कपारीत सॅकवर बसून सकाळची वाट बघितली. जोडीदार रात्रभर कंदी पेढ्यांबद्दल बोलत होता, दुकानवार. सकाळी वरून दुसरी टीम उतरली, त्यांनी सोडवला. सह्याद्री होता म्हणून जिवंत आहे. काझाला जानेवारीत कोण वरून येणार?

शिवाय वारा सुटला की बारीक दोरी हवेत आडवी जाते आणि नको तिथं जाऊन बसते. वाकबगार माणसं ती पद्धत वापरतात, मी नाही म्हणत नाही. तू अजून एक-दोन मोसम थांब.

तिघींना जोडी चालेल का? अगं, जोडी तिघींसाठीच आहे. एक जण दोन्ही रोप घेऊन लीड करते, मागच्या दोघी एकेका रोपवर, थोडं अंतर ठेवून एकाच वेळी वर येतात. वरून बिले देताना डिव्हाइस दोन्ही रोप वेगवेगळे अडकवणारा हवा. सिंगलवर तिघी चढायच्या तर मधलीला रोपच्या मध्यात बांधायचं आणि पिच अर्ध्यावर आणायचं.

थंडगार म्हणतो एकच न्या. ग्लेशियरवर चालायला एक पुरे, हे खरं. पण खड्या भागात एका हाफवर लीड करायचं नाही. शिक्का बघ, ½ आहे, त्याचा अर्थ तोच. वर जाताना दोन्ही सॅकमध्ये असू देत. अडीच किलो जास्त आहेत, पण तुम्ही तिघी आहात, एकीनं तंबू घेतला की एकीनं रोप घ्यायचा.

आता जे कुणी विचारत नाही ते.

बारीक रोप घेतला की बाकी सामानही बघायला लागतं. माझ्या जुन्या ट्यूबमध्ये (बिले-रॅपलच्या डिव्हाइसमध्ये) १०.५ चा मस्त थांबायचा. त्यातच ८ ची जोडी घालून पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी आणि गुरुत्वाकर्षण दोघंच होतो. ग्लोव्ह गरम झाला, बाकी वाचलो. डिव्हाइसवर जाडीची मर्यादा कोरलेली असते, ती वाच. पेट्झलचं आत्ताचं डिव्हाइस, रिव्हर्सो, हाफला ७.१ पर्यंत खाली जातं, सिंगलला ८.५ पर्यंत. आणि उतरताना खाली प्रुसिक (रोपवर आवळणारी बारीक दोरीची गाठ) लावच. पण सहाची प्रुसिक आठच्या रोपवर घसरते. पाचची घे आणि एक वेढा जास्त मार. हे कड्यावर शिकू नकोस. घरात तुळई असेल, नाहीतर गच्चीचा कठडा. रोप टांग, प्रुसिक लाव, सगळं वजन टाकून लटक. घसरली तर वेढा वाढव. जमिनीपासून फूटभर उंचीवर जे काय व्हायचं ते होऊ दे.

आणि रोप ठेवतेस कुठं? हे विचारतोय कारण माझ्या गॅरेजमध्ये घडलंय. एक ९.९ चा रोप मी मागच्या फळीवर ठेवायचो. वरच्या फळीवर जुन्या बॅटऱ्या. पावसाळ्यात यवतेश्वर घाटात एका पोराची गाडी कडेच्या चरात गेली, म्हणून हाच रोप घेऊन गेलो. दोघांनी ओढली आणि रोप तुटला. रोप! गाडी ती केवढी, शंभर-सव्वाशे किलोची. घरी आणून आवरण कापलं. बाहेरून काही दिसत नव्हतं, एका ठिकाणी जरा पिवळट, बस. आतले धागे चिमटीत धरले की शेवयांसारखे मोडत होते. बॅटरीचं ॲसिड, थेंब असेल नाहीतर वाफ असेल. त्याच रोपवर आधीच्या रविवारी आमच्या ग्रुपची सोळा पोरं रॅपल झाली होती. मी कुणाला सांगितलं नाही बरेच दिवस.

तुमच्या सांगलीकडं घराघरात इन्व्हर्टर आहेत, आणि ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांच्या खोलीत फवारणीचे डबे. त्या खोलीत रोप नको. गाडीच्या डिकीत तर नकोच.

थंडगार (कराड)

काका, सोळा पोरांचं वाचून घाम फुटला.

एक प्रश्न मलाही. जोडीत ८ चाच का, ७.३ चा का नको? ३६ ग्रॅम असतो. जोडी ४ किलो ३२० मध्ये बसते, म्हणजे पालच्या ओढदोरीच्या हिशोबाएवढीच.

स्पॅनर १०-११ (सातारा)

घेता येतो. मी पहिल्या जोडीला सांगणार नाही. बारीक म्हणजे आवरण पातळ, कातळावर लवकर केस येतात. ही पोरगी बर्फावरून आली की तोच रोप घेऊन लिंगाण्याला जाणार, मला माहीत आहे ना. आपल्या काळ्या पाषाणाची धार ७.३ ला एका मोसमात संपवेल. शिवाय जाड ग्लोव्ह घालून सात मिमीचा गोठलेला रोप पकडून बघ एकदा. ८ ला पण हात शिवशिवतो.

भिंतीवरची पाल (सांगली)

ठरलं. ८ ची जोडी, यूआयएए ड्राय, एक नारिंगी एक निळा. हाफ आणि ट्विन दोन्ही शिक्के असलेला बघतेय. आईला सांगितलं की शेळ्या पुढच्या वर्षी.

आणि काका, तुमचं वाचून जुना ९.८ चा आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला. दुकानदारानं आधी विचारलं, "विकायचाय का?" मग तागडीवर ठेवला. ३ किलो ७०० ग्रॅम. डब्यावर ६२ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे ६० मीटरला ३७२० हवेत. जवळजवळ बरोबर. पण मग डोक्यात किडा वळवळला. घरी येऊन गच्चीवर टेप लावून लांबी मोजली, दोनदा. ५७ मीटर ४० सेंटिमीटर.

अडीच मीटर गेले कुठं? कापलेला नाही, मीच घेतलाय, मीच वापरलाय.

स्पॅनर १०-११ (सातारा)

आटला. नायलॉन वापरून, धुऊन, भिजून वाळून आटतो. म्हणून वजन तेवढंच राहिलं आणि मीटरचे ग्रॅम वाढले. तुझ्या आकड्यांनी ६४ पडतात, भागून बघ. मधली खूण पण सरकलेली असणार, दोन्ही बाजू मोजून घे.

गेल्या वर्षभर तू तीस मीटर धरून उतरतेयस ना त्याच्यावर? रोप संपून टोक निसटू नये म्हणून टोकांना गाठी मारत होतीस का?

भिंतीवरची पाल (सांगली)

लिंगाण्याला मारल्या होत्या.

तैलबैल्याला नाही.